पंधरा सीटांची गाडी

पहाटे साडेचारला मी हीटर लावून ठेवतो,
म्हणजे पहिलं माणूस चढेपर्यंत
काचेवरची हिवाची साय
निदान माझ्या बाजूची तरी सुटते.
पहिलं माणूस म्हणजे वर्लीन स्टिडम,
राहणार कॅनी फोर्क, शेवटचं वळण,
जिथं डांबर संपतं आणि नकाशाही हात टेकतो.
एक बूट पायात, एक हातात,
पोरगं झोपेतच शेजारणीकडे पोचवून आलेली.

कॉलेजच्या भिंतीवर पोस्टर आहे:
ग्रामीण मनुष्यबळाचं सक्षमीकरण.
खाली एक हसरा माणूस, डोक्यावर कोरं करकरीत हेल्मेट.
केंटकीच्या या डोंगरांत एवढं स्वच्छ हेल्मेट
फक्त खाण बघायला आलेल्या साहेबाचं असायचं.

मी एकोणतीस वर्षं खाली होतो.
खाण बंद झाली ती एका पानाच्या नोटिशीनं.
त्या पानावर सहीसुद्धा नव्हती.
खोकला तेवढा माझ्या नावावर राहिला.
मग हे काम मिळालं:
चाळीस मैल जा, चाळीस मैल ये,
नऊ खोऱ्यांतून माणसं वेचायची
आणि त्या मैदानात नेऊन सोडायची
जिथं बावीस खांब उभे आहेत.

खांबांना तारा नाहीत.
कुठूनही कुठेही वीज जात नाही.
फांदी नाही, पान नाही, असलं ते बन.
कमरेला पट्टा, पायाला आकडे बांधून माणसं चढतात
आणि वर पोचल्यावर एकमेकांकडे चेंडू फेकतात.
मला आधी वाटलं, खेळ चाललाय.
मास्तर म्हणाला, झेलायचा तर
दोन्ही हात खांबावरून सोडावे लागतात.
शिकवायचं ते एवढंच,
बाकीचं सगळं पुस्तकात आहे.

मी गाडीत बसून वर बघतो.
आमचं पोट खाली उतरून भरलं,
यांचं वर चढून भरेल.
बोलायला काय जातं.
टिविस रॅटलिफ पंधराव्या फुटावर गोठला,
खांबाला अशी मिठी मारली
जशी त्यानं आईच्या दफनालाही कुणाला मारली नव्हती.
उतरवायला तास लागला.
परतीच्या वाटेवर गाडीत कुणी खाकरलंही नाही.
वर्लीननं फक्त तिचं अर्धं सँडविच
त्याच्या मांडीवर ठेवलं
आणि खिडकीबाहेर बघत बसली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या फाटकाशी मी हॉर्न दिला.
पुन्हा दिला.
पडदा हलला. कुत्रा आला,
चाकाचा वास घेऊन गेला.

ऑक्टोबरात वर्लीनला नोकरी लागली.
पगाराचा आकडा तिनं मला कानात सांगितला,
मोठ्यानं म्हटलं तर परत घेतील अशा आवाजात.
पण नोकरी इथली नव्हे.
जिथं वादळ तिथं ती,
तीन राज्यं ओलांडून, मोटेलात, पावसात.
माझी चार भावंडं ओहायोच्या कारखान्यांकडे गेली
ती घरी आली पेटीतूनच.
वर्लीन महिन्यातून एकदा येते, चालत, हसत,
पोरासाठी त्या त्या गावचा दगड घेऊन.
यात काय सुधारलं आणि काय तेच राहिलं,
मला नीट मांडता येत नाही.
पोरगा दगड खिडकीत ओळीनं लावतो.

शुक्रवारी ऑफिसला एक फॉर्म द्यावा लागतो.
त्यात चौकट आहे: रिकाम्या सीटा.
मी लिहितो: दोन.
एक जिंकून गेलेली, एक हरून बसलेला,
पण आरशात दोन्ही सीटा सारख्याच दिसतात,
दोन्हींवर तोच फाटका रेक्झिन.
कारण लिहायला फॉर्मात जागा नाही.
मी समासात लिहून बघितलं,
ऑफिसातल्या मुलीनं व्हाइटनर लावला,
प्रेमानंच लावला, म्हणाली, कॉम्प्युटर घेत नाही हो.

आताशा वर्लीनचं वळण मी घेत नाही,
तेवढंच डिझेल वाचतं.
टिविसच्या फाटकाशी मात्र गाडी हळू करतो
आणि एकदाच हॉर्न देतो, आखूड.
मास्तर विचारतो, अजून कशाला?
मी म्हणतो, रस्ता तसाही तिथूनच जातो.