पायापुरता उजेड

जानेवारीतल्या एका मंगळवारी व्हिएनो हापाला दुकानात आल्या,
विजेच्या बिलामागे अंतर लिहून:
घर ते लाकडाची शेड, तेवीस पावलं.
माझी पावलं हां, डॅरिल. तुझी नव्हेत.

बाहेर उणे एकतीस. सुपीरियर सरोवर
नजर पोचेल तिथवर गोठलेलं.
दुकानात आम्ही दोघं, आणि हीटरची घरघर.

मी बोलत सुटलो. बोलण्याचाच पगार मिळतो मला.
हा दोन हजार लुमेनचा, हा तीन हजारांचा,
वायर ओढायला नको, भिंत फोडायला नको,
फक्त थंडीत बॅटरी मान टाकते,
आणि सौर पट्टी लावलीत तर तिच्यावरचा बर्फ
रोज सकाळी झाडणार कोण?
याला कार्ड लागतं, त्याला महिन्याचं भाडं.
हा कोल्हा गेला तरी पेटतो,
हा म्हणे माणूस कुठला, कोल्हा कुठला ते ओळखतो.
शिवाय भोंगा. चोर पळालाच पाहिजे.

"पळाला तर पडेल," त्या म्हणाल्या.
"पायऱ्यांवर बर्फाची काच झालीय."

मग मफलर सोडत, जरा वेळाने:
बर्चचे ओंडके जातात. रोज नाही, दिवसाआड.
रांगेच्या टोकाचे, चार किंवा पाच.
आणि नेणारा उरलेली रांग नीट लावून जातो,
साल वरच्या बाजूला, आत ओल जाऊ नये अशी.
"आमच्या ह्यांनाही एवढी शिस्त नव्हती."

तुम्हाला नेमकं काय बघायचंय, मी विचारलं.
"हातमोजे घालतो का, ते."

मी महागातला दिला. रात्रीही रंग दाखवणारा.
चित्र इतकं स्वच्छ की सदऱ्याची बटणं मोजावीत,
हे माझं ठरलेलं वाक्य. दिवसातून सहादा म्हणतो.

पुढच्या गुरुवारी त्या फोन घेऊन आल्या.
पहाटेचे दोन चाळीस.
घसरगाडी ओढत एकजण येतो, झगझगीत उजेड पडतो,
तो पळत नाही.
डोळ्यांवर उघडा हात धरून उभा राहतो,
कुणीतरी हाक मारली असावी तसा.
कागद गिरणीचं नारिंगी जाकीट,
डाव्या खिशावर चंदेरी चिकटपट्टी.

पट्टी आमच्याच दुकानातली, तिसरं कपाट.
नोकरसवलतीत मीच घरी नेलेली.

गिरणी बंद झाल्यापासून आम्ही मोडक्या फळ्या जाळतो.
नाताळनंतर स्वयंपाकघराला बर्चचा वास येऊ लागला
आणि मी काही विचारलं नाही.
शेगडीपुढे पाय लांब करून बसलो, इतकंच.

"कुणी ओळखीचं?"
नाही, मी म्हणालो. जरा धूसर आहे.
"हो ना," त्या म्हणाल्या, "मलाही धूसरच वाटलं."
तीनशे ऐंशी डॉलरचं धूसर.

मग त्यांनी विचारलं, याची मान खाली करता येते का.
चेहरा नको. पायापुरता उजेड पुरे.
आणि ते साठवून ठेवणं, तेही बंद कर.

रविवारी शिडी घेऊन गेलो.
मोजे काढल्याशिवाय स्क्रू हाताला लागेना,
आणि काढले तर बोटं लोखंडाला चिकटत होती.
दिवा वाकवला. उजेडाचं वर्तुळ भिंतीवरून सरकत
तीन पायऱ्यांवर येऊन बसलं,
तिथे त्यांनी चुलीतली राख पसरली होती.

खाली उतरलो तर त्या म्हणाल्या, कॉफी घेऊन जा.
नको म्हणालो. वडील वाट बघत असतील.
"असतील," त्या म्हणाल्या.

परतताना शेडवरून गेलो.
रांगेच्या टोकाला पाच ओंडके वेगळे ठेवलेले,
लहान शेगडीत मावतील असे चिरून.
वर राखाडी लोकरीचे हातमोजे.
उजव्याचा अंगठा भलताच रुंद विणलेला.

माझ्या वडलांचा उजवा अंगठा
वीस वर्षांपूर्वी गिरणीच्या रुळात चेपला होता.
ते तो सहसा कुणाला दाखवत नाहीत.

चित्र खरंच स्वच्छ होतं.