शून्याखाली तीन सेंटिमीटर

रात्री पाऊण वाजता जोनचा फोन.
ग्रिम्सबीच्या गोदीवर रात्रपाळीला ती एकटीच.
"तुमचं यंत्र म्हणतंय, पाणी साडेसहाशे मीटर चढलंय.
मी इथे कोरड्या बुटांनी उभी आहे.
भोंगा बंद कसा करायचा तेवढं सांग."

मागे तो भोंगा,
आणि लोखंडाचा खडखडाट:
न आलेल्या पुराला अडवायला
दरवाजा खाली निघाला होता.

ओट्याशी उभ्याउभ्याच लॅपटॉप उघडला.
पासष्ट हजार पाचशे तेहतीस.
हा आकडा दिसला की आमच्यातल्या कुणालाही कळतं,
पाणी चढलेलं नाही.
उतरलंय.
शून्याखाली तीन सेंटिमीटर,
आणि खाली जायला जिनाच नव्हता
म्हणून थेट गच्चीवर निघालंय.

शून्यातून तीन जात नाहीत, शेजारून उसने घे,
पहिली-दुसरीतलं गणित.
शेजारी कुणीच राहत नसेल तर?
यंत्र तरीही घेतं. कुणाकडून, विचारत नाही.
कंपायलरही बोलला नाही. अकरा वर्षं.

सोळा बिटांचं बिनचिन्हाचं माप,
क्लिफर्ड थर्लबीने निवडलेलं.
शेजारी त्याची टीप, पूर्णविरामासकट:
पाणी उणे असू शकत नाही.

बाबा परभणीला वजनमापे खात्यात होते.
जप्त केलेली मापं कचेरीच्या खिडकीत ओळीने:
चिपटं, मापटं, शेर, अधोली,
पुढचं प्रत्येक मागच्याच्या दुप्पट.
आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट
मला कॉलेजात कुणाला समजवावं लागलं नाही.
दुकानदार तळाला मेण थापायचे.
बाबा आत बोट फिरवायचे, म्हणायचे,
काय भरलंय ते मागाहून,
आधी माप रिकामं दाखव.

थर्लबीच्या मापात मेण नव्हतं.
त्याने भरतीओहोटीचे तक्ते पाहिले होते,
चंद्र जास्तीत जास्त जिथवर ओढेल
तिथे तक्त्याचं शून्य.
तक्त्यात वारा नसतो.
आठवडाभर नैर्ऋत्येचा वारा,
वर जड, निरभ्र आकाश,
हंबरच्या मुखातून पाणी बाहेर लोटलेलं.

बत्तीसचं घ्यावं, असा मोह होतो.
मोठं भांडं, मनाला शांतता.
पण चिन्ह नसतं तर बत्तीसमध्येही
पाणी बेचाळीस हजार किलोमीटर चढलं असतं,
आणि भोंगा हाच वाजला असता.
शिवाय पंपघरातली जुनी पाटी
दोनच बाइट वाचते. तिसरा आला की भांबावते.

म्हणून एक अक्षर खोडलं.
सोळातला एक खण उण्याच्या नावाने राखला.
साडेसहाशेची धाव सव्वातीनशेवर आली.
ग्रिम्सबीला एवढं पुरेल.
इतकं पाणी आलंच
तर मोजायला मी नसेन.

रविवारी क्लीथॉर्प्सला गेले, त्याच्या वृद्धाश्रमात.
काचेशी बसला होता, गुडघ्यांवर चौकटीचं पांघरूण.
मला वाटलं ओशाळेल.
त्याने विचारलं, "किती खाली?"
"तीन."
"तीन," तो म्हणाला, जणू नातवाची उंची ऐकली.
"तिथला गाळ पाहिलास? कधी कुणी पाहिला नसेल तो."
मी नव्हता पाहिला. मी स्क्रीन पाहत होते.
जोनने पाहिला होता.
विजेरीच्या उजेडात एका बुडालेल्या होडीच्या फासळ्या,
म्हणाली, आणि एक बूट.

त्याची टीप मी पुसली नाही.
तिच्याखाली तारीख टाकली, वेळ टाकली,
आणि एक शब्द:
असतं.