राखेची रेघ

चरणच्या चक्कीत दळण रात्रीच चालतं,
थ्री-फेज अकरानंतर येते म्हणून,
आणि ज्वारीच्या पोत्यांवर बसून
पोरं परदेशातली मॅच बघतात.
टीव्हीवरही पीठ बसलेलं.
हिरवं मैदान जरा धुकट दिसतं,
तिकडेही थंडी पडली असावी असं.

गोल झाला. पोरं उठली, एक पोतं कलंडलं.
मग कुठल्याशा बंद खोलीतून कुणीतरी
पडद्यावर रेघ ओढली,
बगलेपासून खाली, निळी.
शेजारी एक लाल.
दोघींच्या मधे बोटभर हवा.
गोल रद्द.

"इकला गेला बे हा!"
"खांदाच त होता समोर. खांद्यानं कोन गोल मारते?"
"मोठ्या क्लबले होते काय कधी असं?
मागच्या बुधवारी यायचा हात लागला, त दिसलाच नाही कोनाले."
निकेशच्या मोबाईलमधे हिशोब आहे,
कोणत्या रेफ्रीनं कोणाला किती पेनल्ट्या दिल्या,
तीन मोसमांचा.
मी त्याला गणितात दोनदा नापास होताना पाहिलंय.

मी कोपऱ्यात. शिट्टी सोडून सोळा वर्षं झाली.

आमच्या मैदानाला चुना परवडत नसे.
थर्मलच्या राखेची ट्रॉली फुकट यायची.
टमरेलानं राख सोडत, वाकून,
उलटा चालत मी रेघ आखायचो.
वारा नसला तर हाफटाइमपर्यंत टिकायची.
फायनलला वारा होता.

कॉलरी विरुद्ध गाव.
शेवटचं मिनिट. माझ्या मनगटावरचं घड्याळ
कॉलरीच्या साहेबानं मागच्या साली बक्षीस दिलेलं,
हे लोकांनी नंतर जोडून घेतलं.
बॉल वरच्या बल्लीला लागला, खाली आपटला,
बाहेर आला.
कुठे आपटला?
रेघेच्या आत? रेघ कुठे होती?
दोन बल्ल्यांच्या मधे नुसती माती,
राख एव्हाना बाभळीखाली बसलेल्या बायांच्या पदरांवर.
ऊन डोळ्यांत. मी वीस पावलं लांब.
गोलात चरण, माझा सख्खा भाचा.

शिट्टी वाजली. माझ्याच तोंडात होती.

चपला आल्या, त्यातली एक माझ्याच मापाची.
सायकलच्या सीटवर कुणी कोळशानं लिहिलं:
कॉलरीचा जावई.
बहिणीनं दोन पोळे जेवायला बोलावलं नाही.

पैसे मी खाल्ले नाहीत.
चहा घेतला, तो सगळ्यांनीच घेतला होता.
पण बॉल हवेत होता ना, तेव्हाच
माझं ठरलं होतं,
भाच्याला काही द्यायचं नाही.
मामा म्हणून कुणी बोट दाखवू नये,
एवढ्यासाठी मी आधीपासूनच कलून उभा होतो,
पलीकडे.
तराजू सरळ दिसावा म्हणून
दांडीला बोट लावतो त्या वाण्याला काय म्हणतात,
ते इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे.

पडद्यावर पाच जण रेफ्रीच्या तोंडाशी आलेले.
तो एकेक पाऊल मागे सरकतोय.
उलटं चालायची ती रीत मी ओळखतो.

"सर, तुमी त रेफ्री होते," निकेश म्हणाला,
"सांगा ना, होता काय ऑफसाइड?"

"मले दिसलं नव्हतं."

"नव्हतं काय? आत्ताच त दाखोलं! रिप्ले पाहा ना."
पोरं हसली.

चरण हसला नाही.
तो पिठाच्या धारेखाली हात धरून
चिमटीत पीठ चाचपत होता, बारीक आलं की जाड.
"मले दिसलं होतं, मामा,"
तो म्हणाला,
आणि पुढचा डबा वर ओतला.
त्यानंतर काही बोलला असेल तर
पट्ट्याच्या आवाजात
मला ऐकू आलं नाही.