पाच मीटरच्या आत

खोक्यावर हरणाचं चित्र. शिंगांचं असं झाड,
की आमच्या येऊरच्या करवंदीतून
ते दोन पावलंही पुढे गेलं नसतं.
नेणशीभाई खोक्यावरची धूळ शर्टाच्या बाहीला पुसतात:
डॉक्टर, हा हजार मीटरवाला. बाराशेचाही आहे.
तिकडचे रायफलवाले एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर मारतात.

मला चाळीस पुरे, नेणशीभाई.
चाळीसच्या पुढे माझी बंदूक कुणाला झोपवत नाही.

ते जरा खट्टू होतात.
तळावपाळीच्या या दुकानात त्यांनी आयुष्यभर
लांबचं जवळ आणून विकलं.
जवळचं जवळच आहे, एवढं कळण्यासाठी
कोण एवढे पैसे मोजतं?

मी मोजते.
घोडबंदर रोडला, अर्ध्या बांधलेल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये
पाण्याच्या टाकीमागे तो अंग चोरून बसला होता.
वरच्या मजल्यांवरून मोबाइलचे दिवे,
हवालदाराची शिट्टी, कुणीतरी फटाकाही लावला.
मी वीसचा दाब लावला.
अंतर होतं तेरा.
सुई मांसात थांबली नाही, हाडाशी थांबली.
रिपोर्टात मी लिहिलं, अंतराचा अंदाज चुकला.
अंदाज. केवढा मऊ शब्द.
तो अजून पिंजऱ्यात उजवा पाय उचलून फिरतो,
आणि मी आले की
उठून पलीकडच्या कोपऱ्यात जातो.
तेही साधारण सात मीटरच.

तर दाखवा, नेणशीभाई.
यातले आकडे काळे आहेत, संध्याकाळी दिसायचे नाहीत.
यातले लाल; पण एवढे लाल
की आकड्यामागचा प्राणीच विझून जातो.
याला गवताचं पातं आधी दिसतं,
पात्यामागचं काहीच नाही.
हा उताराचा हिशोब करतो. तो ठेवा बाजूला.
यार्डात दाखवतो, ते म्हणतात, यार्ड म्हणजे आपला वार.
वार नको. मीटरवर करून द्या.

काचेतून नको म्हणून फुटपाथवर आलो.
तिथे लखमा वरठा मघापासून उभा,
एसी त्याच्या गुडघ्यांत शिरतो म्हणून.
त्याला विचारलं, तळ्यातल्या देवळाचा कळस किती लांब?
त्याने डोळे बारीक केले नाहीत. खांदा हलवून पाहिला.
चार धोंडे, म्हणाला.
म्हणजे धोंडा हातातून सुटून पडतो तेवढं एक, असे चार.
मी बटण दाबलं. एकशे अठरा.
मनातल्या मनात भागाकार करत होते,
तेवढ्यात तो म्हणाला,
तरणा होतो तेव्हा तीनच होते.

नेणशीभाई हसले. मी हसले नाही.
लखमाच्या बापाकडे ठासणीची बंदूक होती,
दारू कमी, म्हणून डुक्कर अंगावर येईपर्यंत थांबायचा.
मोजायचा नाही. थांबायचा.
बंदूक गेली सरकारात; थांबणं लखमाकडे राहिलं.
रात्र-रात्र तो माझ्या शेजारी बसतो,
डास मारत नाही, बिडी पेटवत नाही,
आणि मी आकडा मागते तेव्हा
बापाच्या आवाजात सांगतो: अजून नाही.

यंत्र त्याच्या हातात दिलं.
त्याने उलटं धरलं, सुलटं धरलं, मग माझ्यावर रोखलं
आणि लगेच ओशाळून खाली घेतलं.
काही दिसलं नाही, म्हणाला. नुसत्या दोन रेघा.
पाच मीटरच्या आत चालत नाही ते,
नेणशीभाईंनी बिल फाडता फाडता सांगितलं.

लखमाने यंत्र मला परत दिलं. जपून, अंडं द्यावं तसं.
त्याच्या आतलं मला कळतं, म्हणाला.
वास येतो.

खोकं त्याने नातीसाठी मागून घेतलं.
मी एक सेल जास्तीचा घेतला.