तिसावा किलोमीटर

करार तीस किलोमीटरचाच.
तिथवर रॉटरडॅमचा वारा
बारसोसिओनं अंगावर घ्यायचा,
मागच्यांनी त्याच्या पाठीआडून धावायचं.
मग बाजूला व्हायचं.
निकालाच्या कागदावर त्याच्या नावापुढे
वेळ नाही, क्रमांक नाही.

काप्सोवारच्या पत्र्याच्या देवळात
म्हातारी कोबिलो दर खेपेला विचारते,
"कितवा आलास रे?"
तो हसतो, सरकून तिला बाकावर जागा देतो.

काल पहाटे लाल मातीच्या चढावर
त्याच्या मागे पाद्रीबाबांचा पोरगा, धापा टाकत.
बारसोसिओनं वळून पाहिलं नाही.
पावलं तेवढी आखूड केली.

प्रभू, तुझ्या वहीत
मधेच बाजूला झालेल्यांचं पान असेल ना?
नसलं तर राहू दे.

पोरगा चढ चढला.