मालकाचे नाव

अंकलीच्या वीटभट्टीवरून आलेलं गाढव,
मागच्या डाव्या पायात दावं रुतून हाडाला टेकलेलं.
रजिस्टरात 'मालकाचे नाव' या रकान्यात
दस्तगीरनं नुसती रेघ ओढली.

टर्पेंटाइनचा बोळा घातला, तसे
किडे वर आले. तांदूळ निवडावेत तसे
चिमट्यानं वेचत गेले मी. एकशे बारा,
मग मोजायचं सोडून दिलं.
गाढव हललं नाही. ओरडलंही नाही.
अशांची मला जास्त भीती वाटते.

रोज सकाळी पोटॅशचं जांभळं पाणी,
हळदीच्या पेठेतून उडत येणारी पिवळी धूळ,
शेजारी तीन पायांची कुत्री,
तिला याचाच कडबा हवा अंथरायला.

अकराव्या दिवशी फाटकाबाहेरून
विटा लादलेली रांग गेली
आणि हे ओरडलं.
पत्रे थरथरले, दस्तगीरच्या बशीतला चहा सांडला.
मी हसले. मग कळलं,
हाक मारतंय. त्याला जायचंय.

दुपारी एक पोरगं आलं, सिद्राम,
खिशात गुळाचा खडा, टाच फाटून रक्ताळलेली.
"आमचं हाय त्ये," म्हणालं, आत न येता.

दस्तगीरनं त्याला पायरीवर बसवलं,
डबीत उरलेलं मलम टाचेत भरलं.
"जनावराचं हाय न्हवं?"
"हां. लागू पडतंय."

रेघेवरच मी नाव लिहिलं.
आठ दिवस ओझं नको, बजावलं.
पोरगं मान हलवत राहिलं
आपल्याच पायाकडं बघत.