पूर्ण बाही

चिंतामण आला तो ऊन उतरल्यावर,
गुरं परतायच्या वेळेला.
बोटाला भाची, सहा वर्षांची,
केस मक्याच्या कणसाच्या केसांसारखे,
ट्यूबलाइटकडेसुद्धा डोळे किलकिले करून बघणारी.

"मास्तर, शाळेचा ड्रेस शिवा इचा.
पूर्ण बाही. मनगटाच्याबी खाली येऊ द्या.
कॉलर उभी. अन् टोपी, मोठ्या काठाची."

एकतीस वर्षं मी या गावाची मापं घेतो.
शर्ट रफूला येतो तेव्हा मला कळतं
ऊन कुणाच्या कुठं बसून होतं:
लाइनमनच्या मानेवर,
ट्रॅक्टरवाल्या भोजराजच्या उजव्या खांद्यावर,
रोवणीवाल्या बायांच्या पाठीवर, पोलक्याच्या गळ्याखाली.
कापड विटतं, विरतं, मग मी ठिगळ लावतो.
कातडीचं मला काय ठाऊक?

शाळेत आम्ही चिंतामणला इंग्रज म्हणायचो.
मीही म्हणायचो.
मे महिन्यात तेंदूपत्त्याला जायचा
आमच्याबरोबरच, बनियनवर.
फळीवर पुडे बांधताना
पाठ टरबुजाच्या फोडीसारखी लाल,
आणि आम्ही बोट दाबून बघायचो
पांढरा ठसा किती वेळ राहतो ते.

मग डाव्या कानावर ती फोड. मसुराएवढी.
खपली धरायची, निघायची, रक्त, पुन्हा खपली.
दोन पावसाळे.
कुणी म्हणालं, चष्म्याची दांडी घासते.
कुणी बिब्बा लावला.
नागपूरला गेला तेव्हा
डॉक्टरीणबाई काहीच बोलली नाही म्हणे थोडा वेळ,
नुसता कान धरून बसली.
परत आला तो अर्धा कान घेऊन.

आता तो माझ्या दुकानात
एकेक तागा बल्बसमोर धरतो.
"उजेड येते पलीकडून. हे नाही."
दुसरा. "हेबी नाही."
तिसरा जाड, गर्द निळा, पावसाळी छत्रीसारखा.
त्यातून बल्ब दिसत नाही.
"हे."

मी म्हटलं, गणवेश आकाशी आहे,
हेडमास्तर ऐकायचे नाहीत, रंग जुळत नाही.
"न जुळू द्या," म्हणाला,
"पोरगी तरी कोणासंग जुळते?"

पोरगी एवढा वेळ गप्प होती, टेपशी खेळत.
म्हणाली, खिसा पाहिजे.
कशाला गं?
"कांदा ठेवाले. आई म्हणते लू लागत नाही."
चिंतामण हसला. हसताना त्याचा चष्मा
डावीकडं घसरतो, टेकायला जागा नाही.
"ठेव कांदा. पण ते नागपूरची ट्यूबबी ठेव.
दोन बोटं भरून. दुपारच्या सुट्टीत पुन्हा."
मी खिसा मोठा कापला.

टोपीला गळ्याखालून बंद लावला,
मागं मानेवर झालर.
शिलाई त्यानं मोजून दिली, मी मोजून घेतली.
उरलेल्या कापडाची
आणखी एक टोपी बेतली, मोठ्या मापाची.
अजून तशीच पडून आहे, विचारायचं कसं.

शाळा सुरू झाली.
माझ्या दारावरून कडुलिंबापर्यंत सावली आहे,
कडुलिंबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत
बावीस पावलं उघडी.
निळी टोपी तिथं थांबते, दप्तर सावरते,
आणि पळत सुटते.
टाकीच्या सावलीत चिंतामण उभा असतो,
ओठ हलवत, मोजत.
माझं मशीन तेवढा वेळ थांबतं.